टिश्यूच्या पाकिटाखालचं स्थानक

सिंगापूरच्या नव्या भुयारी मार्गावरचं बारावं स्थानक गेल्या सोमवारी थाटात सुरू झालं. ते झालंच नाही असं समजून पुढे वाचावं. भुयारी मार्गाचं सरकारी कार्यालयही तसंच समजतं.

सार्वजनिक हितापुढे खाजगी हक्क टिकत नाही, हे जगन्मान्य तत्त्व आहे. या मार्गाने शहराची दोन टोकं जोडली, घरांचे भाव चढवले आणि सासू-सुनांमधलं अंतर धोकादायकरीत्या कमी केलं. फक्त बाराव्या स्थानकाचा जिना जिथे वर यायचा होता, तिथे हॉकर सेंटरमधलं, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईतलं, एक टेबल निघालं आणि मोजणीच्या दिवशी त्यावर टिश्यूचं पाकीट होतं. म्हणजे तिथल्या रिवाजाप्रमाणे जागा धरलेली होती. (रस्त्यासाठी थडगी हलवता येतात. पाकीट हलवायचं कलम नाही.) अभियंते मालकाची वाट बघत बाजूला उभे राहिले. त्यांतले दोघे उभ्या-उभ्याच निवृत्त झाले.

खाली स्थानक पुरं झालं. उद्घाटनाचे पाहुणे उतरले, टाळ्या झाल्या, आणि वर यायला वाटच नसल्याने सगळे पुढची गाडी पकडून घरी गेले.

फटका बसला तो किम लियान आंटीच्या गुडघ्यांना. तिचं फिशबॉल सूपचं दुकान त्या टेबलासमोरच. जिना झाला असता तर ती गाडीतून थेट दुकानात उगवली असती. आता अकराव्या स्थानकापासून लंगडत येते. डॉक्टर म्हणाले, असंच चालत राहिलात तर वर्षअखेर दुकानाला कुलूप लावा.

कार्यालयाचा रोहैझाद दर आठवड्याला येऊन पाकिटाची पाहणी करी.

"आंटी, तुम्हीच उचला की."

"मी? आणि पाकीटवाला आला म्हणजे? लोकांची जागा ढापणारी म्हणून माझ्या हातचं सूप कोण पिणार? तू उचल!"

"माझी सरकारी नोकरी आहे, आंटी. पण सात वर्षं झाली हो!"

"मग त्याची रांग मोठी असेल रे कुठेतरी."

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि पाकीट उडालं. टेबल मोकळं झालं! रोहैझादने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आंटी, गुडघ्यांसकट, दोन बाकं ओलांडून धावली होती. तिने पाकीट झेललं, झटकलं, जागेवर ठेवलं आणि वर सॉसची बाटली ठेवली.

मग ती खाली बसली. 

सबब, ज्याने आयुष्यात एकदाही एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली नाही, अशा कोणाही एका वाचकाने वर्षअखेरीच्या आत, अकराव्या स्थानकापासून चालत येऊन सदर पाकीट उचलावे, ही नम्र विनंती.