विमान बदललं की मान बदलायची

संसाराला एक छप्पर लागतं असं ज्याने कुणी म्हणून ठेवलंय, त्याच्याकडे चांगलं इंटरनेट नसावं, असं ल्युबेनचं ठाम मत होतं. प्लोव्हदिवच्या मित्रमंडळीत राकिया दारूचा दुसरा पेला पोटात गेला की तो हे मत छाती काढून मांडायचा.

ल्युबेन पावाच्या कारखान्यांत मोठमोठ्या भट्ट्या बसवायचा. आज रॉटरडॅम, उद्या ओस्लो, परवा साहेब म्हणतील तिकडे. बायको झोर्नित्सा व्हिएन्नात दुभाषी. निरनिराळ्या देशांचे बडे लोक एकमेकांवर गुरगुरायचे आणि ही काचेच्या खोलीत बसून ते गुरगुरणं सभ्य भाषेत उतरवायची. घर मात्र प्लोव्हदिवला. त्या घरात कायम राहायच्या त्या सासूबाई. थोडक्यात, नवराबायकोच्या घरात नवराबायको सोडून सगळं होतं.

"पण भांडण? आजवर एक नाही!" ल्युबेन म्हणायचा.

"लेका, भांडायलासुद्धा समोरासमोर यावं लागतं!" मित्र म्हणायचे.

ल्युबेन हसून मान हलवायचा. आता ही मान कशी हलवायची, ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. ल्युबेनच्या देशात 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना उभी, खालीवर. बाकीचं जग नेमकं उलटं करतं. त्याला ल्युबेनचा देश काय करणार?

लग्नानंतर दोघं पहिल्यांदा परदेशात गेली, तेव्हा एका खानावळीत वाढणारीने "आणखी सूप?" असं विचारलं. ल्युबेनने आपल्या पद्धतीने खालीवर मान हलवून नको म्हटलं. सूप आलं. त्याने आणखी जोरात नको म्हटलं. आणखी मोठं भांडं आलं! शेवटी झोर्नित्साने त्याची मान दोन्ही हातांनी धरून थांबवली, म्हणून माणूस वाचला. त्याच टेबलावर तिने नियम केला.

"विमान बदललं की मान बदलायची! पासपोर्टावर शिक्का पडला की तिथल्या तिथे. आपण घड्याळ नाही का फिरवत?"

नियम सोन्यासारखा होता. इतकी वर्षं दोघांनी तो पाळला आणि ल्युबेनला तर त्याचा भलताच अभिमान. मग रॉटरडॅमच्या कारखान्यात पिठाच्या धुरळ्यात आणि पंख्यांच्या घरघरीत ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. साधा नाही, पार बसला. डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

ल्युबेन घाबरला का? छे! ज्याला दोन्ही प्रकारच्या माना येतात त्याला आवाजाची गरज काय, असा विचार करत तो विमानतळावर आला.

प्लोव्हदिवकडची मंडळी सोफियाच्या विमानाच्या दाराशी जमली होती. दार उघडायला अजून अवकाश होता, पण चौकड्यांच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका पहिला नंबर कुणाचा यावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर झोर्नित्सा. केस नीट बांधलेले, डोळे जरा लाल.

"तुला बोलता येत नाही ते माहितेय. मी विचारते, तू फक्त मान हलव," ती म्हणाली. "ऐक. मला इथे कायमची नोकरी देताहेत. आज उत्तर द्यायचंय. एकदा का हो म्हटलं, की मग इथून सुटका नाही. तर सांग, मी हे सगळं सोडून घरी येऊ? कायमची?"

ल्युबेनने फोन दोन्ही हातांनी धरला. कायमची! म्हणजे सकाळी उठल्यावर ती शेजारी असणार! इंटरनेटबद्दलचं आपलं ठाम मत तो त्या क्षणी साफ विसरला. आणि तेवढ्यातही तो नियम विसरला नाही, हे विशेष. शिक्का पडला नव्हता, पाय अजून परक्या जमिनीवर होते, म्हणजे मान परकी. त्याने मान उभी हलवली. खालीवर, खालीवर, हनुवटी छातीला लागेपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं.

झोर्नित्साचा चेहरा एकदम उतरला.

"बरं," ती म्हणाली. "कळलं." आणि फोन बंद.

'भरून आलं बिचारीला,' ल्युबेनने मनात म्हटलं. त्याने तिला एक लाल बदाम पाठवला. उत्तर आलं नाही. सामान बांधायला लागली असणार!

विमानात त्याला गाढ झोप लागली. मायदेशी सोफियाला उतरून झोपेतच त्याने पासपोर्ट दाखवला, झोपेतच प्लोव्हदिवची बस पकडली. शिक्का पडला, पण मान फिरवायची राहिली.

घरी नेवेनाबाई, म्हणजे सासूबाई, गॅलरीत मिरच्या भाजत होत्या. शरद ऋतूत त्या शहरातली प्रत्येक गॅलरी लाल मिरच्या भाजते आणि प्रत्येक गॅलरी शेजारच्या गॅलरीचं बोलणं ऐकते.

"काय जावईबापू, तोंडाला कुलूप?" सासूबाई म्हणाल्या. त्याने गळ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी काही न विचारता टॉवेल राकियात बुडवला आणि त्याच्या मानेभोवती करकचून आवळला. घशाच्या दुखण्याला तिथे दुसरं औषध नाही. पहिलंही नाही.

"आणि माझी झोर्का? येतेय का या खेपेला तरी?"

ल्युबेनने आनंदाने मान हलवली. उभी.

"नाही?" बाईंचा हात थबकला.

अरे देवा! शिक्का! ल्युबेनने घाईघाईने मान आडवी हलवली.

"हो?"

पुन्हा आडवी हलवायची, तर टॉवेल अडकला आणि मान भलतीच तिरकी, वरखाली, कशीही झाली.

"अरे, उभी की आडवी? काय ते एक ठरव!"

त्याने फोन काढून भराभर लिहिलं, 'झोर्नित्सा कायमची घरी येतेय,' आणि पुढे धरला.

"चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे," बाई म्हणाल्या. "वाचून दाखव!"

ल्युबेनने असहायपणे आभाळाकडे पाहिलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला.

"ल्युबेन, खरं सांग मला. माझी पोर तुला सोडून गेली का?"

नाही! नाही, नाही, नाही! पण माणूस घाबरला की नियम आठवत नाही, सवय आठवते. रॉटरडॅममध्ये सबंध उन्हाळा हलवली तशीच मान त्याने हलवली. आडवी, जोरजोरात, टॉवेल सुटेपर्यंत. प्लोव्हदिवमध्ये यापेक्षा ठणठणीत 'हो' कुणी कधी पाहिला नव्हता.

सासूबाईंनी मिरची खाली ठेवली. खालच्या गॅलरीतून रुमियानाकाकू ओरडल्या, "काय झालं गं नेवेना?"

"सोडून गेली!" सासूबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

ल्युबेनने विचार केला, आता मान हलवण्यात अर्थ नाही, कृती करून दाखवावी. बायको येणार, तर तिच्या कपड्यांना जागा नको का? तो तडक आत गेला आणि कपाट रिकामं करू लागला. कपाटात सासूबाईंच्या लोणच्यांच्या बरण्या होत्या, त्यांच्या मागे झोर्नित्साचे जुने कोट. त्याने सगळं बाहेर काढून पलंगावर टाकलं. दारात सासूबाई आणि रुमियानाकाकू उभ्या.

"बघ," सासूबाई हुंदका देत म्हणाल्या, "तिचे कोटसुद्धा काढून टाकतोय."

"आणि तुझ्या बरण्या पण गं!" काकू म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत सांत्वनाला अर्धी इमारत येऊन गेली. प्रत्येकाने काहीतरी खायला आणलं. ल्युबेनची समजूत अशी झाली, की रिकामं कपाट पाहून सगळ्यांना खरं काय ते कळलं आणि झोर्नित्सा येणार म्हणून लोक आनंदाने खाऊ आणताहेत. तो प्रत्येकाचा हात हातात घेऊन हसत होता.

"धक्का बसलाय त्याला," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ल्युबेन कचेरीत गेला. मान आता पक्की देशी झाली होती. आरशासमोर उभं राहून त्याने तपासून घेतली होती. साहेब, गोचेव त्यांचं नाव, पडद्यासमोर बसले होते आणि पडद्यावर टॅलिनचं एक परदेशी गिऱ्हाईक होतं.

"ये ये! तुझीच वाट बघत होतो," गोचेव म्हणाले. "टॅलिनला नवा कारखाना उभा राहतोय. दोन वर्षांचं काम. यांना तूच हवायस. जाणार ना?"

दोन वर्षं! आणि तीही आत्ता, बायको घरी येत असताना? ल्युबेनने शांतपणे, स्पष्टपणे, देशाला शोभेल अशी मान हलवली. उभी. नाही, साहेब.

पडद्यावरच्या टॅलिनकराने टाळ्या वाजवल्या. "छान!" तो म्हणाला. "मी आत्ताच सगळ्यांना कळवतो!" आणि पडदा काळा झाला.

गोचेवसाहेब ल्युबेनकडे वळले.

"तू नाही म्हणालास," ते म्हणाले.

ल्युबेनने आडवी मान हलवली. हो, साहेब.

"पण त्याला हो वाटलं."

पुन्हा आडवी.

"हे बघ ल्युबेन, लेका, गिऱ्हाइकाला जे वाटतं ते खरं. आता मी त्याला काय सांगू, की आमच्या माणसाची मान उलटी बसवलीय?"

शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं. दारात झोर्नित्सा. एक छोटी बॅग, आणि चेहरा असा की गुरगुरणारे बडे लोकही गप्प बसले असते.

"आई, फोनवर काय सांगत होतीस तू? मी सोडून गेले? मी? यानेच मला येऊ नकोस म्हणून सांगितलं!"

"यानं?" सासूबाई गर्रकन वळल्या. "जावईबापू!"

"मान हलवून सांग म्हटलं होतं ना मी तुला?" झोर्नित्सा त्याच्यासमोर उभी राहिली. "घरी येऊ का, कायमची? तू नाही म्हणालास. एकदा नाही, धडाधड! मी त्याच दिवशी सही करून आले. आता सांग तोंडाने!"

ल्युबेनने दोन्ही मानांचा विचार केला. मग डॉक्टरीणबाईंचा विचार केला. मग मानेचा टॉवेल सोडून खाली टाकला.

"ये म्हणालो होतो!" तो म्हणाला. आवाज गंजलेल्या फाटकासारखा निघाला, पण निघाला. "अगं, विमानतळावरच होतो मी! तिकडच्या! परदेशात! मान परकी होती माझी! हो म्हणालो होतो, शंभरदा हो!"

सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला. मग पहिल्यांदा त्याच हसल्या, आणि खाली रुमियानाकाकूही हसल्या, कारण गॅलरीचं दार उघडंच होतं.

"तुझी तरी काय चूक म्हणा," ल्युबेन खरखरत म्हणाला. त्याला बायकोची बाजू सावरून घ्यायची भारी हौस. "माझ्यामागे आपलीच मंडळी भांडत होती. तुला वाटलं असणार, हा सोफियाला उतरला. कुणालाही वाटलं असतं."

झोर्नित्सा हसली नाही. खुर्चीत बसली आणि बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"तुझ्या डोक्यावर फलक होता," ती म्हणाली. "भला मोठा. रॉटरडॅम लिहिलेला."

"मग दिसला नसेल."

"दिसला होता."

ल्युबेनला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळायला लागलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटायला लागलं.

"मला तिथं आवडतं रे," झोर्नित्सा म्हणाली. "सकाळी ट्रॅमने कामावर जाते, कुणी विचारत नाही कुणाची मुलगी, कुणाची बायको. कामात मी चांगली आहे, ते लोक तसं म्हणतात पण! तुला विचारलं खरं, पण मनातल्या मनात म्हणत होते, देवा, हा नाही म्हणू दे. तू मान हलवलीस, आणि मी म्हटलं, शेवटी हा प्लोव्हदिवचा माणूस, याची उभी मान म्हणजे नाहीच."

"म्हणजे तू मुद्दाम..."

"मुद्दाम नाही. सोयीने." तिने डोळे पुसले. "पण तुझ्यावाचून करमत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून तर पहिल्या विमानाने आले ना!"

ल्युबेनला राग आला होता. पण ती समोर बसली होती, बॅग मांडीवर घेऊन, आणि इतक्या जवळून त्याने तिला केव्हा पाहिलं होतं ते त्याला आठवेना. राग फार वेळ टिकला नाही. त्याने तिच्या मांडीवरची बॅग उचलून खाली ठेवली.

"मग आता काय करायचं?" त्याने विचारलं.

झोर्नित्साने त्याचे दोन्ही हात धरले. "व्हिएन्नातली माणसं पाव खात नाहीत? तिथं भट्ट्या नाहीत? आई फोनवर म्हणाली त्या टॅलिनला कळव, जमणार नाही. गोचेवना पण कळव. आणि तू ये की माझ्याकडे. कायमचा! येतोस?"

ल्युबेनच्या डोळ्यांपुढून भराभर सगळं गेलं. रविवारचा सोंगट्यांचा डाव, राकिया, मित्र, टोमॅटोला टोमॅटोची चव असलेलं हे एकमेव शहर. परदेशी जाणं वेगळं, कारण त्यात परत येणं असतं. समोर बायको उत्तराची वाट बघत होती. डावीकडे सासूबाई हातात मिरची धरून उभ्या होत्या. खालच्या गॅलरीतला झाऱ्याचा आवाजही थांबला होता.

ल्युबेनने टॉवेल उचलला, सावकाश गळ्याभोवती गुंडाळला आणि घशाकडे बोट दाखवून डॉक्टरांची सक्त मनाई असल्याची खूण केली.

मान मात्र त्याने अगदी सरळ धरून ठेवली. उभी नाही, आडवी नाही, तसूभरही नाही.