उंची, रंग आणि अनुभव

मी फक्त दोन ओळी खोडल्या होत्या. उंची आणि रंग. पुढचं सगळं त्यातून झालं.

बंगळुरूला समाजकार्याची पदवी घेऊन मी नेरला परतलो तो तालुक्यातल्या तरुणांचं भलं करायचंच असं ठरवून. (तालुक्याने तशी मागणी केलेली नव्हती.) माझं निदान पक्कं होतं. आपल्या पोरापोरींकडे अनुभव भरपूर आहे, तो कागदावर मांडता येत नाही, एवढंच. म्हणून मी घराच्या पुढच्या खोलीत रेझ्युमेचा मोफत वर्ग उघडला. पहिल्या दिवशी एकच विद्यार्थिनी आली, तीही आईने चहाला बोलावलं होतं म्हणून. माझी चुलत बहीण साधना.

साधना बी.ए. झाली आहे आणि वस्तीतलं कुठलंही काम तिच्यावाचून अडतं. चौदा एप्रिलचं विहारातलं जेवण, म्हाताऱ्यांना सरकारी दवाखान्यात नेणं, संध्याकाळी लहान पोरांचा अभ्यास, सगळं तीच बघते आणि सगळं बिनपैशाचं. तिने आणलेला कागद नेट कॅफेवाल्याने छापून दिला होता. वर फोटो, खाली उंची, रंग, मामाचं गाव आणि 'स्वभाव : मनमिळाऊ'.

"अगं, हा लग्नाचा बायोडाटा आहे."

"त्याच्यापाशी हाच एक नमुना आहे, दादा."

तिला नोकरी लवकर हवी होती. बळीरामकाकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, सांगून ठेवलं होतं की उन्हाळ्याच्या आत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दारव्ह्याचं स्थळ बघायला येईल. स्थळाबद्दल साधना वाईट बोलत नसे. त्या घरात माणसं किती आहेत, एवढंच तिने मला दोनदा सांगितलं होतं.

मी पेटलो. उंची खोडली, रंग खोडला आणि लिहिलं : हजार जणांच्या भोजनाचं नियोजन व वितरण. ज्येष्ठांची आरोग्यसेवा. बालशिक्षण. आणि सर्वांत खाली, ठळक अक्षरांत : 'हे सर्व कार्य कोणत्याही मोबदल्याविना.'

"हे ठळक काहून केलं?" साधनाने विचारलं.

मी सांगितलं, याच ओळीवर तुझी निवड होईल. (ते खरं ठरलं. दोनदा.)

पांढरकवड्याच्या एका संस्थेत समन्वयकाची जागा निघाली. मुलाखतीला मीही सोबत गेलो, मार्गदर्शक म्हणून. एसटीत पिशवी धरायचं काम माझ्याकडे होतं. त्याच दिवशी संस्थेचा वर्धापनदिन निघाला. आवारात मांडव होता, पंगती बसत होत्या. अध्यक्ष कमलाकरराव यांनी रेझ्युमे मांडवातच उभ्याने वाचला आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. हजार माणसं, ते म्हणाले. वाढायला ठरवलेली पोरं आज आली नव्हती. त्यांनी वरणाची बादली थेट साधनाच्या हातात दिली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला बाजूला घेऊन समजावलं की मोठ्या कंपन्या हल्ली अशीच परीक्षा घेतात, हातात काम देऊन बघतात. याला प्रात्यक्षिक फेरी म्हणतात. तिने पदर, म्हणजे ओढणी, खोचली आणि वाढायला सुरुवात केली.

अर्धी पंगत झाली असेल. कमलाकररावांनी पुन्हा येऊन तिचं आडनाव विचारलं. नेरमध्ये कुठल्या बाजूला राहता, तेही विचारलं. सेवाभाव तुमच्या लोकांत असतोच, म्हणाले. मग कोणीतरी त्यांच्या कानाशी लागलं. बादली परत घेतली गेली आणि तिच्या हातात उष्ट्या पत्रावळ्यांचं टोपलं आलं.

मी त्याचा अर्थ असा लावला की दुसरी फेरी सुरू झाली.

"दादा," ती हळूच म्हणाली, "बाकीचे उमेदवार तं जेवून राह्यले."

"त्यांची फेरी अजून आली नसेल," मी म्हणालो आणि टोपल्याचा दुसरा कान धरला.

त्यांची फेरी आलीच नाही. जागा कमलाकररावांच्या पुतण्याला मिळाली. सलील त्याचं नाव, त्याची पत्रावळ मीच उचलली होती. कमलाकररावांनी मला कारणही प्रेमाने समजावलं. सलीलने आजवर फुकट काहीच केलेलं नाही, त्यामुळे त्याला पगार द्यावाच लागतो. साधनाचं तसं नाही. माझ्या ठळक ओळीखाली त्यांनी पेनाने रेघ मारली होती.

"ताई, तुमच्यासाठी आमच्याकडे स्वयंसेवकाची जागा कायम मोकळी आहे."

एसटीत साधना खिडकीला डोकं टेकून बसली. मी काही बोलायला तोंड उघडलं की ती डोळे मिटायची.

पुढच्या रविवारी दारव्ह्याचे पाहुणे आले. काका हातावर हात ठेवून बसले नव्हते. मी लिहिलेला साधनाचा रेझ्युमे घेऊन ते नेट कॅफेत जाऊन आले होते. वर फोटो लावला होता, उंची आणि रंग परत घातले होते. बाकी एका शब्दाला हात लावला नव्हता. इतकं चांगलं कोणी लिहून देत नाही, असं ते मला म्हणाले.

मुलाने तो मोठ्याने वाचला. हजार जणांचं भोजन आलं तेव्हा त्याच्या आईने नवऱ्याकडे पाहिलं. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेला तिला अंथरुणावरची सासू आठवली. बालशिक्षणाला थोरल्या सुनेची पोरं आठवली. ठळक ओळीवर मुलाचे वडील समाधानाने मान हलवत राहिले. एखादा रेझ्युमे जागेला इतका तंतोतंत बसलेला मी बंगळुरूतही पाहिला नव्हता.

"अशीच पोरगी पाह्यजे होती आमाले," आई म्हणाली.

साधनाने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"पगार किती आहे?"

पाहुणे हसले. काकाही हसले, जरा उशिरा. ती हसली नाही.

"मागच्या जागी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं, इथं आधीच विचारून घ्यावं."

पाहुण्यांनी कप उचलून चहा घाईघाईने संपवला. (नकार संध्याकाळीच आला. पोरगी कामाची आहे, पण लय विचारते, असं कारण कळवलं. नोकरी तिला अजून लागलेली नाही.) विषय बदलायला काकांनी मला पुढे केलं. हा माहा पुतण्या, बंगलोरले शिकून आला. मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"काय करते?"

मी घसा साफ केला. उत्तर मोठं होतं, त्यात तरुण, क्षमता, ग्रामीण भाग असं बरंच काही होतं. साधनाने ते एका ओळीत बसवलं.

"माह्यासारखंच करते. फुकट."

मी वाकलो आणि पाहुण्यांचे उष्टे कप ट्रेमध्ये गोळा करायला लागलो. मला कोणी सांगितलं नव्हतं. अनुभव होता.