उभं की आडवं

अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीने अण्णांसकट चारी पाय पसरले, त्या दिवसापासून अण्णांनी उंबरठा ओलांडला नव्हता. हाड मोडलं नव्हतं, मन मोडलं होतं. एरवी अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेणारा माणूस आता भिंतीकडे तोंड करून पडून राही. मुलीने कितीही विनवलं तरी उत्तर ठरलेलं, "बाहेर येऊन बसू कशावर? पुन्हा पडायला येऊ?"

जावई दातांचे डॉक्टर. दवाखाना घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत, त्यामुळे अण्णांचं न बोलणं त्यांना दिवसभर ऐकू यायचं. एकदा जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी बाक करतो. लाकडाचा. हत्ती बसला तरी हलणार नाही."

"विकत आणा की," बायको म्हणाली. "तुम्ही भिंतीत खिळा ठोकला की कॅलेंडर शेजाऱ्यांकडे लागतं."

"पाडलं ते विकतच्या खुर्चीनेच ना?"

बायकोच्या वडिलांसाठी एवढं मनावर घेणारा जावई शोधून सापडत नाही, हे तिला कळत होतं. तिने मलमपट्टीचा डबा तेवढा वरच्या फळीवरून काढून हाताशी ठेवला.

हत्यारांच्या दुकानात गेल्यावर डॉक्टरांना माहेरी आल्यासारखं वाटलं. भिंतभर करवती टांगलेल्या आणि प्रत्येकीला दात. खिशातला छोटा आरसा काढून ते एकेकीचे दात तपासू लागले. दुकानदार एका हाताने सुजलेला गाल धरून हे बघत होता.

"उभं कापायचंय का आडवं?" त्याने विचारलं.

गिऱ्हाइकाची एवढी काळजी घेणारा माणूस डॉक्टरांना फार आवडला. "उभंच," ते म्हणाले. "आडवं पडून कसं जमेल?"

दुकानदाराची दाढ इतकी ठणकत होती की त्याने 'उभं' एवढंच ऐकलं. त्याने मोठ्या दातांची करवत बांधून दिली. लाकडाच्या रेषांच्या दिशेने फळी उभी चिरायला ही करवत. रेषांना छेदून आडवं कापायला निराळी, धारदार टोकांच्या दातांची. हे त्या दुकानात एकालाच ठाऊक होतं, आणि तो कळ सोसत होता.

"आता ती दाढ दाखवून जा," निघताना डॉक्टर म्हणाले. दुकानदाराने घाईघाईने दुसरं गिऱ्हाईक गाठलं.

लाकडाच्या वखारीत मात्र डॉक्टरांनी कमाल केली. बाक उन्हापावसात राहणार म्हणून साग घ्यायचा, एवढं ते विचारून आले होते. वखारवाल्याने छान गुळगुळीत फळ्या पुढे केल्या. डॉक्टरांनी खिशातून स्टीलची बारीक दांडी काढली आणि फळ्यांवर ठिकठिकाणी टकटक करून कान लावला.

"ही ओली आहे. आवाज दबका येतो. आणि ही इथे आतून किडलीय."

वखारवाला आधी हसला. किडलेली फळी फोडून पाहिल्यावर त्याचं हसू मावळलं. त्याने आतल्या शेडमधल्या वाळलेल्या फळ्या आपणहून काढून दिल्या आणि जाता जाता तोंड उघडून म्हणाला, "डॉक्टर, एकदा इथेही वाजवून बघता का?"

फळ्या रुंदीला बरोबर होत्या, फक्त लांबी कापायची होती. म्हणजे झाडून सगळं काम आडवं. करवत अडकायची, फळी उडी मारायची, कापलेल्या कडेला कुसळं फुटायची. डॉक्टरांना वाटलं, आपलं उभं राहणंच चुकतंय. ते आणखी ताठ उभे राहिले. हाताला फोड आले, पण मागे हटतील ते डॉक्टर कसले. एक पेशंट झाला की ते अंगणात जात, चार हात मारत आणि पुन्हा आत येत.

दवाखान्याच्या खिडकीतून हे सगळं दिसत होतं. एक पाय फळीवर रोवलेला, हातात करवत, अंगावर पांढरा कोट, आणि डॉक्टर घाम पुसत पुटपुटतायत, "झालंच, अजून थोडं." दाढ काढायला आलेल्या एका गृहस्थांची दाढ तिथल्या तिथे दुखायची थांबली. ते घरी गेले.

अशात दुखणं असह्य होऊन दुकानदार आला. खुर्चीत आ वासून पडल्या पडल्या त्याची नजर खिडकीबाहेर गेली. आपली करवत, आडवा काप आणि कुसळं फुटलेला तो सुंदर साग पाहून त्याच्या जिवाचं पाणी झालं.

"आ-अ-ई," तो म्हणाला. त्याला 'आडवी' म्हणायचं होतं.

"दुखतंय?"

"आ-अ-ई आ-आ-ई!"

"एवढे मोठे झालात, आता आईला कशाला बोलावता? झालंच."

दाढ निघाली. डॉक्टरांनी कापूस दाबून बसवला आणि बजावलं, "अजिबात बोलायचं नाही." दुकानदार तसाच उठला आणि डॉक्टरांना ओढत बाहेरच्या खोलीत, अंगणाच्या दाराशी घेऊन आला. त्याने करवतीकडे बोट दाखवलं, ताठ उभा राहिला आणि जोरात होकारार्थी मान हलवली. मग फळ्यांकडे बोट दाखवून तो जमिनीवर सरळ आडवा झाला.

तिथे थांबलेल्या पेशंटना दिसलं ते एवढंच, की आतून ओठाला रक्त लागलेला माणूस आला आणि कोसळला.

"डॉक्टरांनी माणूस आडवा केला!" कोणीतरी ओरडलं. खोली रिकामी झाली. पायांत ज्याची येईल त्याची चप्पल घालून माणसं पळाली.

आरडाओरडा ऐकून अण्णा काठी टेकत आले. "कोणाला आडवं केलं?"

आडवा दुकानदार आणि आता सगळं उमगून लाल झालेले जावई बघून त्यांना उलगडा व्हायला वेळ लागला नाही. दुकानदाराने फोनवर निरोप टाइप करून दुकानातून आडव्या कापाची करवत मागवली. ती घेऊन सगळे अंगणात उतरले. काप सरळ जाऊ लागला, पण फळीचं नाचणं काही थांबेना.

"तिच्यावर भार नको का?" अण्णा वैतागले. "सरका." आणि ते फळीवर जाऊन बसले.

दारातून मुलगी बघत होती. आपण उंबरठा ओलांडलाय हे अण्णांच्या लक्षात येऊ नये म्हणून ती श्वास रोखून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि नवऱ्याचं तिला इतकं कौतुक वाटत होतं की त्याच्या कोटाला चिकटलेला भुसासुद्धा तिला आवडला.

पुढची प्रत्येक फळी अण्णांच्या बुडाखालून गेली. "डावीकडे चाललात. दाढासुद्धा अशाच काढता?" असं त्यांचं दिवसभर चालायचं. डॉक्टर ऐकून घ्यायचे आणि उजवीकडे वळायचे.

बाक झाला. खरंच हत्ती पेलेल असा झाला. अण्णांनी तो हलवून पाहिला, हात फिरवला. "झकास केलात, जावईबापू," ते म्हणाले, आणि काठी घेऊन घराकडे वळले.

"अण्णा, बसा ना," डॉक्टरांचा आवाज पडला.

"तुम्ही बसा, दमलात. माझं काम संपलं."

डॉक्टरांनी एकदा बाकाकडे पाहिलं, एकदा भिंतीशी टेकवलेल्या उरलेल्या दोन फळ्यांकडे.

"असं कसं संपलं?" ते म्हणाले. "टेबल राहिलंय की."

अण्णा थांबले. मागे वळून त्यांनी जावयाकडे नीट बघितलं, मग काठीने फळी खाली पाडली आणि तिच्यावर ऐसपैस बसले.

"आणा ती करवत," ते म्हणाले. "आणि घाई करू नका."