कॉक बंद, इंजिन चालू

मधुकररावांनी शेडमध्ये खुर्ची नेमकी सूनबाईनं, तेजस्विनीनं, बनवलेल्या इंजिनासमोर टाकून घेतली. धान वाहणाऱ्या त्यांच्या ट्रकांपैकी एक तिला चाचणीसाठी हवा होता. तो द्यायचा की नाही, हे सासरे आज ठरवणार होते.

साध्या डिझेल इंजिनात हवा ज्या सिलिंडरात दाबली जाते, त्यातच इंधन जळतं. तेजस्विनीनं कामं वेगळी केली होती. एका सिलिंडरानं फक्त हवा दाबायची, शेजारच्यानं इंधन जाळायचं.

"म्हणजे वाटणी केली," मधुकरराव म्हणाले. "आमची भावाभावाची वाटणी झाली, तं खर्च वाढला. यात कमी कसा होते?"

"दाबताना हवा थंड ठेवता येते, मामाजी. जोर कमी लागते, डिझेल वाचते."

"वाचते तं दाखव."

तिच्या नवऱ्यानं, हेमराजनं, इंजिन चालू केलं. थोडा वेळ ते शहाण्यासारखं चाललं. मग आवाज चढू लागला आणि निळा धूर सुटला. तेजस्विनीनं डिझेलचा कॉक बंद केला. आवाज आणखी चढला.

"बंद कर नं," हेमराज म्हणाला.

"केला कॉक बंद."

"मंग काहून चालून राहिलं?"

ती ऑइलच्या डब्याकडे वळली. "तू इंजिनात ऑइल टाकलं का?"

"सकाळीच टाकलं. पूर्ण डबा."

"मीनंही टाकलं."

जादा झालेलं ऑइल इंजिन आता स्वतःच ओढून जाळत होतं. ते संपेपर्यंत, नाहीतर फुटेपर्यंत थांबणार नव्हतं. टेबलावरचे नट कसायचे पाने नाचत खाली पडले. मधुकरराव मात्र खुर्चीवरून उठून, वाकून पाहू लागले.

"मामाजी, मागं व्हा," ती ओरडली. त्यांना ऐकू गेलं नाही.

हेमराजनं इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीत खांद्यावरचा दुपट्टा कोंबायला घेतला. नळीनं तो हातातून हिसकून गिळला. तेवढ्यात सासूबाई, गीताबाई, चहा घेऊन दारात आल्या. तेजस्विनीनं त्यांच्या हातातला स्टीलचा ट्रे ओढला, कप जमिनीवर गेले, आणि तिनं तो ट्रे नळीच्या तोंडावर दाबून धरला. इंजिन खोकलं, थरथरलं आणि थांबलं.

"कॉक बंद होता नं?" मधुकररावांनी हळूच विचारलं.

"होता. पण मामाजी, ते ऑइल जाळत होतं. चुकी आमची झाली. फुटलं असतं." तिनं दोन डब्यांची सगळी हकिकत सांगितली.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दाराकडे एकदा पाहून ते म्हणाले, "बरोबर हाय. लोकाईले असंच सांगत जा. खरी गोष्ट फोडू नको."

"मामाजी, खरंच—"

पण त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला होता. "चिंधू, गाडी वरठीले आपल्या घरी आणून दे. अन् पोचला का डिझेलची टाकी खोलून काढून टाक. तेवढेच दोन पोते जास्ती बसतीन."