तुळसवाडीतील कपातीचे लोकार्पण

शासन जनतेला काही देते तेव्हा जनता ते दुसऱ्या दिवशी विसरते, पण शासन काही काढून घेते तेव्हा जनता ते वर्षानुवर्षे ध्यानात ठेवते. म्हणून ज्या लोकप्रतिनिधीला दीर्घकाळ स्मरणात राहायचे आहे, त्याला कपातीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

ही गोष्ट आमदार विजयसिंह आबांना कोणी न शिकवता उमगली होती. सरकारी तिजोरीत खडखडाट झाल्यावर आजूबाजूचे आमदार मतदारसंघात तोंड चुकवून फिरू लागले. (काही तर फिरणंच बंद करून बसले.) आबांनी मात्र गावोगाव 'कपात माहिती व लोकसंवाद मेळावा' घ्यायचं ठरवलं, आणि पहिला मान मिळाला तो कोडोलीच्या पलीकडच्या तुळसवाडीला.

मेळाव्याची निम्मी तयारी अण्णासोंच्या अंगावर होती. अण्णासो म्हणजे थोडा ऊस, चंद्री नावाची गाभण म्हैस, बायको बायडाबाई आणि आबांवर जुनी श्रद्धा, असा एकंदर प्रपंच. फेटा बांधण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आबांचं डोकं तर त्यांना इतकं पाठ होतं, की डोळे मिटूनही त्यांनी त्यावर फेटा चढवला असता. (त्या डोक्यात काय चाललंय हे त्यांना कधी कळलं नव्हतं, पण फेट्याला त्याची गरज लागत नाही.)

दूध संस्थेच्या सभागृहाबाहेर मोठा डिजिटल फलक लागला होता: 'तुळसवाडीत झालेल्या भव्य कपातीबद्दल आबांचे हार्दिक अभिनंदन! समस्त ग्रामस्थ.' बोर्डवाल्याचं त्यात काही चुकलं नव्हतं. आबांचं नाव आलं की खाली अभिनंदन टाकायचं, अशी त्याच्या धंद्याची रीत होती. नारळ फुटला, फीत कापली गेली आणि कपातीचं रीतसर लोकार्पण झालं.

आबांनी माहिती दिली ती थोडक्यात अशी. गावातील पथदिवे एकाआड एक बंद करण्यात आले असून त्यामुळे उरलेले दिवे अधिक उठून दिसतात. आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका यापुढे फक्त बुधवारी येईल. ग्रामस्थांनी त्याप्रमाणे आजारपणाचे नियोजन करावे. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांचे पद गोठवण्यात आले आहे. मात्र दवाखान्याची इमारत, पाटी व कुलूप यांत कोणतीही कपात केलेली नाही. उलट कुलूप नवीन बसवले आहे. कुलपाला टाळ्या पडल्या.

बायकांच्या बाजूनं बायडाबाई उठल्या.

"आबा, आमची चंद्री आता व्यायची हाय. मागल्या खेपेला अडली तवा कांबळे डॉक्टरनी सोडवली. आता अडली तर कुणाला बलवायचं?"

प्रश्न साधा होता, पण त्यात सगळं घर आलं होतं. ऊस वर्षातून एकदा बोलतो, चंद्री धारेच्या वेळी दिवसातून दोनदा बोलायची, आणि घर चालायचं ते चंद्रीच्या बोलण्यावर. अण्णासोंनी बायकोला डोळ्यांनी खुणावलं, की आबांच्या कार्यक्रमात असं मधेच उठू नये. बायडाबाई उभ्याच राहिल्या.

आबा प्रसन्न हसले. अशाच प्रश्नासाठी त्यांनी एक पुस्तिका छापून आणली होती, 'गावाची ताकद गावातच'. पुस्तिकेत बारा पानं होती. अकरा पानांवर आबा होते आणि बाराव्यावर गाव, म्हणजे गावातल्या 'साधनव्यक्तीं'ची यादी. अंधार पडल्यास: गुंडू (यांच्याकडे मोठी बॅटरी आहे). ताप आल्यास: आक्का (काढा चांगला करतात). जनावर अडल्यास: श्री. अण्णासो.

अण्णासोंना हे पहिल्यांदाच कळत होतं. पण यादी हवेत तयार झालेली नव्हती. तिच्यासाठी शास्त्रीय पाहणी झाली होती. 'जनावर अडले तर आपण कोणाकडे जाता?' असा प्रश्न घरोघर विचारला गेला आणि सगळ्या गावानं एकमुखानं अण्णासोंचं नाव सांगितलं, कारण कांबळे डॉक्टरांचा मोबाइल नंबर फक्त अण्णासोंकडे होता. का जाता, हा रकाना पाहणीत नव्हता.

आबांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. फोटो निघाला. अण्णासोंचा ऊर भरून आला, हे काही नाकारता येत नाही.

"तुमास्नी शेरडाच्या दाव्याची गाठ सुटत न्हाय," वाटेत बायडाबाई म्हणाल्या, "आन् तुमी म्हस सोडवणार?"

"आबांनी इश्वास टाकलाय माझ्यावर."

"आबांनी टाकलाय. चंद्रीनं कुटं टाकलाय?"

अण्णासो शालीची घडी घालत चालत राहिले.

चंद्रीनं मेळाव्यानंतर फार दिवस लावले नाहीत. एके सकाळी ती कळा देऊ लागली. रेडकाचा एक पाय बाहेर दिसला आणि दुसरा काही येईना. चंद्री उठायची, बसायची, मान टाकायची. बायडाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. नवरा पुस्तिका शोधत होता.

पुस्तिकेवर मदतवाहिनीचा नंबर होता. अण्णासोंनी तो लावला. गोड आवाजात उत्तर आलं, 'आपला कॉल आपल्या गावातील संबंधित साधनव्यक्तीकडे वळवण्यात येत आहे.' मग थोडं संगीत आणि मग, 'ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.' त्यांनी पुन्हा लावला. व्यक्ती व्यस्तच होती.

"कोण येडं बोलत बसलंय एवढा येळ?" अण्णासो वैतागले.

"तुमीच की," बायडाबाई म्हणाल्या.

(मदतवाहिनीच्या मासिक आढाव्यात 'तुळसवाडी येथे तुफान प्रतिसाद, लाइन सतत व्यस्त' अशी नोंद पुढे आली.)

शेवटी त्यांनी तोच नंबर लावला ज्याच्यामुळे ते साधनव्यक्ती झाले होते. डॉ. प्रसेनजीत कांबळे आता शहरात 'पशुसेवा बळकटीकरण कक्षा'त बसत. तिथं पशू नव्हते, बळकटीकरण भरपूर होतं. कोणत्या तालुक्यात किती डॉक्टर नाहीत याचे रंगीत तक्ते ते करत.

"अण्णासो, माझं पद गोठलंय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "नेमणूक नसताना तिकडं येऊन जनावराला हात लावला, तर मला नोटीस येईल. पाय कसा दिसतोय ते सांगा, मी फोनवर..."

तेवढ्यात मागून चंद्री ओरडली. बायडाबाईंनी फोन काढून घेतला.

"डॉक्टर, नेमणुकीचं ऱ्हाऊ द्या. तुमी जेवायला या. पावणं म्हणून या."

डॉक्टरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मोटरसायकलला किक मारली.

पाहुणा आला आणि आल्याबरोबर हात धुवायला बसला. इतर पाहुणे मनगटापर्यंत धुतात, हा खांद्यापर्यंत धूत होता. मग त्यानं आत हात घातला, दुमडलेला पाय चाचपून हळूच सरळ केला आणि अण्णासोंना ओढायला लावलं. अण्णासोंनी देवाचं नाव घेत ओढलं, आणि वाफाळती, ओली रेडी गवतावर येऊन पडली. डॉक्टरांनी तिचं नाक पुसलं, छाती चोळली, तेव्हा ती शिंकली. अण्णासो गोठ्यातच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. बायडाबाईंनी भाकरी थापायला घेतली, कारण बोलावणं जेवणाचं होतं.

बातमी आबांपर्यंत गेली ती मात्र कार्यकर्त्यांमार्फत, म्हणजे डॉक्टर गाळून. आबांनी ताबडतोब सत्कार समारंभ लावला. डिजिटलवर मजकूर होता: 'पद शून्य, रेडी एक!'

घरातून निघताना बायडाबाईंनी नवऱ्याला दारात अडवलं. "आज शाल घिऊन गप बसायचं न्हाय. डॉक्टर परत पायजे म्हणून सांगायचं." अण्णासोंनी मान हलवली. त्यांनी खरंच ठरवलं होतं.

आबांचं भाषण आकडेवारीवर होतं. "डॉक्टर होते तेव्हा या दवाखान्यात दर महिन्याला ढीगभर आजारी जनावरांची नोंद व्हायची. डॉक्टर गेल्यापासून एकाही जनावराच्या आजाराची नोंद नाही! म्हणजे आजार कुणामुळं होता? मी नाव घेत नाही." सभागृह हसलं. मग माइक अण्णासोंकडे आला.

पहिल्या रांगेत पशुसंवर्धन खात्याचे एक साहेब पेन उघडून बसले होते. अण्णासोंनी त्या पेनाकडे पाहिलं. डॉक्टर आले होते म्हणावं तर डॉक्टरांची नोकरी जाते. नाही म्हणावं तर गावाचा डॉक्टर जातो. डोक्यावरचा फेटा आज दुसऱ्या कुणी बांधला होता आणि तो कपाळाला काचत होता.

"म्हस म्या सोडवली न्हाय," अण्णासो अखेर म्हणाले. "पावणं आलतं त्या दिवशी. पावणं नसतं तर चंद्री गेली असती आमची. आबा, तसलं पावणं गावात कायमचं पायजे. दवाखान्यात बसाया पायजे."

आयुष्यात पहिल्यांदाच आबांपुढे ते एवढं बोलले होते. मागं बसलेल्या बायडाबाईंचे डोळे भरून आले.

आबांचेही आले. "ही आपली संस्कृती," ते म्हणाले. "सरकारला जे जमत नाही ते आपले पाहुणे करतात. लिहून घ्या." साहेबांनी लिहून घेतलं. त्यानुसार पुस्तिकेच्या सुधारित आवृत्तीत जनावर अडल्यास अण्णासोंच्या जोडीला 'पाहुणे (स्वखर्चाने)' ही भर पडली आणि गोठवलेलं पद, आता त्याची आवश्यकता उरली नाही म्हणून, कायमचं रद्द झालं. एवढं झाल्यावर सर्वांना चहा देण्यात आला.

समारंभाचा सविस्तर अहवाल वर गेला आहे. त्यात 'जनतेची प्रतिक्रिया' या सदराखाली एकच वाक्य आहे: रेडी सुखरूप असल्याचे समजताच सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला व त्यानंतर कोणीही काही विचारले नाही. अण्णासोंच्या गोठ्याला लागूनच धोंडुबाईंचा गोठा आहे आणि त्यांची म्हैस पुढच्या महिन्यात व्यायची आहे. तिथं पाहुणा कोण येणार, हे, वाचकहो, आपणही विचारलं नाहीत; म्हणून अहवालातल्या त्या 'सर्वांनी'मध्ये आपल्याला धरलेलं आहे.