लाल्याचा खांदा

देवीलालचा जुनाट ट्रॅक्टर लाल्या राळेगावच्या रस्त्यावर पुन्हा बंद पडला. देवीलालनं डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत तोंड घातलं आणि म्हणाला, “चुकलं गा बाप्पा. माफ कर.”

झाकण लावलं. लाल्या सुरू झाला.

सकाळपासून हेच चाललं होतं. जरा चालायचं, मरायचं, माफी मागितली की उठायचं. मागं ट्रॉलीत कापूस, कापसावर त्याची बायको नंदाबाई. खरेदी केंद्र आज संध्याकाळी बंद होणार होतं, ते थेट पुढच्या हंगामापर्यंत. तोवर घरात कापसानं राहायचं की माणसांनी, एवढाच प्रश्न होता.

“माफी कायची मागून राह्यले तुमी?”

“बैल इकले त्याची. जोडीदार होते त्याचे.”

नंदाबाईंना पटलं. पुढच्या वेळी त्यांनीही टाकीत तोंड घालून दोन शब्द सांगितले.

फाट्यावर नासिर मिस्तरीनं फिल्टर धुतला, पाईप सोडवून फुंकला. डिझेल येईना. किती उरलं ते बघायला त्यानं झाकण काढलं, तर मोकळ्या पाईपातून धार थेट त्याच्या चपलेत.

त्यानं झाकणातल्या बारीक भोकाला बोट लावून वास घेतला. “भाभी, या भोकातून हवा आत गेली तं डिझेल खाली उतरते. इथं तूप कोनं भरलं? वरून हळद?”

“पोळ्याले बैलाचे खांदे शेकतेत न तूप-हळदीनं? बैल नोयते, म्हून याचे शेकले. थंडीनं गोठलं असन.”

“हा खांदा होय?”

“मंग कोनता होय? तुमी मिस्तरी, तुमी दाखवा.”

नासिरनं ट्रॅक्टरला एक चक्कर मारली. खांदा सापडला नाही. त्यानं पाईप जोडला आणि सुईनं भोक मोकळं केलं.

लाल्या असा सुटला की केंद्राचं फाटक बंद होता होता आत घुसला. चौकीदार मागं धावला. “थांबवा!”

“ब्रेकच नाहीत!”

“मंग आजवर थांबत होते कसे?”

“तो मनानंच थांबे!”

लाल्या कापसाच्या गंजीभोवती चकरा मारू लागला. काट्यावरचे साहेब ओरडले, “फाटक बंद झालं! कापूस उद्या घरी बसून मोजा! बाहेर काढा हे!”

नंदाबाईंनी हे ऐकलं. ट्रॉलीतला कापूस चिमटीत घेऊन त्यांनी शांतपणे वात वळली, पुढं सरकून टाकीवर चढल्या आणि वात झाकणाच्या भोकात ठासली. लाल्या आणखी काही चकरा फिरला, खोकला आणि बरोबर वजनकाट्यावर मेला.

सगळ्यांनी ढकलून पाहिलं. हलेना. काटा अडला, म्हणजे केंद्रच अडलं.

“माफी मागितली का उठते तो,” देवीलालच्या तोंडून निघून गेलं.

साहेब इकडंतिकडं बघत टाकीपाशी आले. “उघडा झाकण. मागतो.”

नंदाबाई झाकणावर ऐसपैस बसल्या. “आता नाही ऐकत तो.”

“मग कधी ऐकते?”

“कापूस मापल्यावर.”