सरोजअक्का आणि आईचा जबडा

बंगळूरला चामराजपेटेतल्या एका लग्नात, पंगत रंगात आली असताना, सरोजअक्कांनी थेट नवरदेवाच्या कानापुढं दोन बोटं टेकवली. "स्वल्प चावा बघू," म्हणाल्या. बिचाऱ्यानं जिलेबी चावली. "डावीकडं कट्ट वाजतंय. सुपारी सोडा!" नवरीकडची मंडळी घास हातात धरून बघायला लागली.

आमच्या शेजारी अक्का एकट्या राहत. दातांच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत आणि जबड्याच्या सांध्यातली कूर्चा कशी झिजते, ह्याचा अभ्यास करत. त्यांच्या बोटांतून भाजीवाली सुटली नाही की रिक्षावाला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका सकाळी माझ्या आईचा जबडा अडकला. तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडत होतं. आई रडकुंडीला आली. अक्कांनी तिला कॉलेजात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सुई घालून सांधा धुतला; निघालेलं पाणी अक्कांनी तपासायला घेतलं आणि मलाही प्रयोगशाळेत ओढलं.

काचेच्या नळीतल्या निळ्या द्रावणात त्यांनी ते पाणी सोडलं. बघता बघता निळ्याचं जांभळं झालं.

"कूर्चा म्हणजे पाणी धरून ठेवणारी गादी. सांधा बिघडला, की पाणी धरणाऱ्या रेणूंचे तुकडे पडतात आणि सांध्यातल्या द्रवात उतरतात. हे जांभळं त्यांचंच."

"म्हणजे ही आईची कूर्चा?"

"हूं. जन्मभर भाकरी चावलेली."

मी नळीकडे बघतच राहिलो. रोज दिसणाऱ्या त्या गालाआड, नखाएवढ्या जागेत, केवढं काय काय चाललं होतं!

"पूर्वीसारखं होईल?"

"झिजलं ते परत येत नाही रे. पण दुखणं उतरेल. मऊ खाऊ दे."

आणि रोज संध्याकाळी अक्का स्वतःच घोटलेला बिसीबेळे भात घेऊन यायला लागल्या. आईला भरवत, मग तिथंच बसून आपणही जेवत, गप्पा मारत. दुखणं हळूहळू उतरलं. एक दिवस आईनं चपाती खाल्ली.

"सरोज, उद्यापासून डबा नको गं आणू. चावता येतंय मला."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. लावलेलंच झाकण पुन्हा दाबत उभ्या राहिल्या. पाय काही निघेना.

आईनं त्यांच्या हातातून डबा काढून घेतला. "रिकाम्या हातानं ये. ताट वाढून ठेवते."

दुसऱ्या दिवशी आमची कणीकही मळून झाली नव्हती, तेव्हा अक्का दारात हजर. ठेवणीतलं पातळ नेसून, केसांत मोगरा माळून.